आकडा भरा

माझं काम साधं. दुसऱ्यांचे भाव टिपायचे.
कंपनीचा टॅब पर्समध्ये, ओळखपत्र त्याच्याही खाली,
तोंडावर गिऱ्हाइकाचा भाव.

सकाळी वेट्रोज, मरीना.
बाहेर सेहेचाळीस, आत अंगावर काटा.
चेडर, साडेतीनशे ग्रॅम: एकतीस दिरहम.
संत्र्याचा मुरंबा, सालासकट, कडू: एकोणीस.
कडू मुरंब्याला पैसे कोण मोजतं,
असा रकाना टॅबमध्ये नाही.
ब्लूबेरी विमानानं येतात. मी गेल्या वर्षी गेले नाही वेंगुर्ल्याला.

मग मार्क्स अँड स्पेन्सर.
बिस्किटांच्या डब्यांवर बर्फ, लाल टपालपेटी
आणि वाळू न पाहिलेली एक मेंढी.
तिथे ग्लेनिसबाई भेटतात. चष्मा कायम घरी.
वाच गं जरा, म्हणतात. मी वाचते. त्या नाक मुरडतात.
"आमच्या हलमध्ये मी वेट्रोजची पायरी चढले नसते.
ते डॉक्टर-वकिलांचं. आम्ही टेस्कोवाले,
महिनाअखेरीस आल्डीवाले.
इथे नवऱ्याच्या क्रेनबरोबर मीही वर चढले, झालं!"
मग डबा जागेवर ठेवत, हळू:
"कोपऱ्यावर दयालजींचं दुकान होतं.
दूध संपलं की सपाता घालून पळायचे.
सगळं महाग, आणि सगळं असायचं.
नाताळलासुद्धा उघडा."
यातलं टॅबमध्ये काय भरणार?
तरी माझं बोट काचेवर तसंच राहिलं.

शेवटची नोंद रात्री, घराखाली. अल नहदा, शारजा.
मोइदूची बकाला,
माझ्या मोरीपेक्षा दोन हात मोठी.
गाडीवाले उतरत नाहीत, हॉर्न देतात.
एक लांब म्हणजे पाणी, दोन आखूड म्हणजे करक,
म्हणजे आपलाच कडक, समुद्र ओलांडताना ड विसरलेला.
शफीर धावतो, एका पायात निळी चप्पल, एका पायात काळी.

अंड्यांचा ट्रे कितीला?
मोइदू पंख्याकडे बघतो,
जणू भाव तिथे फिरतोय.
"काल अठरा. आज... तू ने ना आधी."
टॅब म्हणतो, आकडा भरा.
आकड्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मोइदूच्या वहीत मी आहे.
मल्याळीत लिहिलंय, शफीरनं वाचून दाखवलं:
"चारशे सात, टिकली."
कंपनीचा पगार पुढच्या आठवड्यात होणार होता,
आणि तो आठवडा सात आठवडे चालला,
तेव्हाचं माझं पान त्यानं मागच्या पानाला
पिनेनं टोचून ठेवलं, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.
मी सगळं फेडलं. पिन त्यानं काढलेली नाही.
गंजून कागदाला तांबडा डाग पडलाय.

आज दुपारी ऑफिसात नकाशा पाहिला.
विलायती नावाचं छोटं दुकान, चोवीस तास,
काचेचं दार, आपोआप उघडणारं,
आमच्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला.
"तुझे आकडे आले की ठरवू," म्हणाले साहेब.

अठरा लिहू? म्हणतील, सोळाला देऊ, सहज उडेल.
बावीस लिहू? म्हणतील, बघा, इथे किती मलई आहे.
चौदा लिहू? म्हणतील,
वैजयंती मोंडकर, तुम्ही दुकानात गेला होता ना नक्की?

बाहेर दोन आखूड हॉर्न.
शफीर कप घेऊन पळाला.
मोइदू सुटे पैसे नाहीत म्हणून
माझ्या हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवतो,
त्याही मोजत नाही.

पंधरा वर्षांत ज्याचं शटर
मी एकदाही पूर्ण खाली पाहिलं नाही,
त्याच्याच दिव्याखाली उभं राहून
शेऱ्यात लिहिलं:
दुकान बंद आढळले.